सीडीवरची वंदना

काळूदादा उबाळे भातसा धरणावर नोकरीला होते. रोज सकाळी सात वाजता धरणाच्या भिंतीवर जायचं, पाण्याची पातळी बघायची आणि वहीत लिहायची, हे त्यांचं काम. ती वही माझ्या टेबलावर यायची, कारण मी तिथं कारकून. मी त्र्याण्णव साली भातसानगरला रुजू झालो तेव्हा कॉलनीत पहिला चहा त्यांच्याच घरी प्यायलो. ते माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठे, म्हणून मी त्यांना दादा म्हणायला लागलो. ते मला पहिल्या दिवसापासून नुसतं ‘अनंता’ म्हणायचे.

नोकरीपलीकडं त्यांची आणखी एक ओळख होती. बौद्ध समाजात लग्न लावायला, नामकरणाला वंदना म्हणायला जो माणूस बोलावतात त्याला बौद्धाचार्य म्हणतात. काळूदादा शहापूर तालुक्यातले नावाजलेले बौद्धाचार्य होते. त्यांचा आवाज असा की माइक बंद पडला तरी मांडवाच्या टोकाला बसलेल्या म्हातारीला शब्द न् शब्द कळायचा. उन्हाळ्यात एकेका आठवड्यात तीन-तीन लग्नं असत. मग त्यांच्या बदली पातळी लिहायला मी जायचो, आणि परत आले की ते कुणाच्या मांडवात काय झालं ते सगळं सांगायचे.

त्यांचं स्वतःचं लग्न सापगावला झालं होतं. त्यांचे वडील धाऊबाबा यांनी छप्पन सालानंतर धम्म घेतला होता आणि घरातलं कोणतंही कार्य आपल्या माणसांनी, आपल्या हातानं करायचं असं ठरवून टाकलं होतं. मांडवाला जांभळीचे टहाळे वाडीतल्यांनी तोडून आणले. पत्रावळी बायांनी लावल्या. चाळीस मिनिटांत लग्न लागलं, दोन वाजेपर्यंत जेवणं उरकली. ही गोष्ट काळूदादांनी मला किती वेळा सांगितली असेल ते मोजलं नाही. सांगताना त्यांच्या पत्नी, कमळाबाई, आतून म्हणायच्या, “अन् मीठ नव्हतं वरणात, ते पण सांगा.”

“मीठ आपल्याच माणसानं विसरलं ना?” काळूदादा म्हणायचे. “मग चालतं.”

कॉलनीत तेव्हा वाढदिवसांचं नवं वारं आलं होतं. आधी फक्त साहेबांच्या बंगल्यात केक यायचा, मग सगळ्याच क्वार्टरांत यायला लागला. शहापूरला एकानं दुकान टाकलं, तो फुगे, टोप्या, मुलांना वाटायच्या भेटी, सगळं एका खोक्यात भरून द्यायचा. पुढं चौकाचौकांत बोर्ड लागायला लागले, त्यावर काळा चष्मा लावलेलं सहा महिन्यांचं बाळ. बारशाला टोप्या घातलेले वाढपी आले. काळूदादांना हे बिलकूल पटायचं नाही. ते चिडत नसत, पण बोलल्याशिवाय राहत नसत.

“अनंता, घरचा दिवस आपण दुसऱ्याला चालवायला दिला, की आपण त्यात पाहुणे. आयतं जेवायचं, फोटो काढायचा, घरी जायचं. मग तो दिवस आपला कसा?”

त्यांच्या दोन्ही मुलांच्या वाढदिवसाला ते सापगावला जायचे. आजी तांदळाच्या पिठात काकडी आणि गूळ घालून हळदीच्या पानांत पानगे करायची. मोठा महेंद्र त्यावर खूश असायचा. धाकटी संघरत्ना मात्र एकदा आठ वर्षांची असताना म्हणाली, “बाबा, पानग्यावर मेणबत्ती लावली तर चालेल का?” काळूदादा विचार करून म्हणाले, “लाव.” ती मेणबत्ती पानग्यात रुतली आणि सगळा पानगा मेणकट झाला. काळूदादांनी तोही खाल्ला. तेव्हा ते असे होते. लोकांना मात्र ते तापट वाटायचे, आणि त्याला कारण झालं डोळखांबकडचं एक लग्न.

अठ्ठ्याण्णव सालचा मे महिना. बुधू नावाच्या गृहस्थाच्या मुलीचं लग्न होतं. मी काळूदादांबरोबर गेलो होतो, म्हणून डोळ्यांनी पाहिलंय. नवऱ्याकडच्यांनी व्हिडीओवाला आणलेला. त्याचा दिवा थेट काळूदादांच्या तोंडावर. त्रिशरण झालं, पंचशील झालं, नवरा-नवरीनं मागून म्हटलं. तेवढ्यात व्हिडीओवाला हात वर करून म्हणाला, “काका, थांबा. कॅसेट संपली होती. आता परत पहिल्यापासून घ्या.”

काळूदादांनी पुस्तक मिटलं. माइकवरच म्हणाले, “मी शूटिंगला आलेलो नाय. शील एकदा दिलं, ते दिलं.” आणि मांडवातून उतरून बाहेर ऐनाच्या झाडाखाली जाऊन बसले.

बुधू हात जोडून मागं आला. पाहुणे कुजबुजायला लागले. मी सांगितलं, दादा चला. अर्धा तास गेला, मग ते उठले आणि पुढचं लग्न लावलं. पण तोवर नवरीचं रडून रडून काजळ गालावर आलेलं. परत येताना गाडीत ते म्हणाले, “माझं चुकलं नाय.” शहापूरपर्यंत ते वाक्य त्यांनी तीनदा म्हटलं, तेव्हा मला कळलं की ते त्यांनाच पटलेलं नाही.

त्यानंतर बोलावणी कमी झाली. लोक तोंडावर काही म्हणत नसत. “तरुण मुलाला संधी देतोय,” असं म्हणून दुसऱ्याला न्यायचे. दोन-तीन वर्षांत वर्षाकाठी एखादं लग्न उरलं. काळूदादांनी तक्रार केली नाही. पांढरा सदरा मात्र दर महिन्याला इस्त्री करून ठेवायचे.

संघरत्ना परिचारिका झाली. शहापूरच्या एका दवाखान्यात कामाला लागली. दोन हजार सहा साली तिचं लग्न ठरलं ते मुरबाडच्या प्रशांतशी. मुलगा तिथल्याच एका कारखान्यात नोकरीला, स्वभावानं शांत. त्याचे वडील तो लहान असताना गेले होते. आई रत्नप्रभाताई अंगणवाडीत सेविका. त्यांनी एकटीनं मुलगा वाढवलेला. लग्न नवऱ्याकडं, म्हणजे मुरबाडला व्हायचं होतं.

एक दिवस काळूदादा ऑफिसात आले आणि पातळीच्या वहीवर एक गुळगुळीत कार्ड ठेवलं. मुरबाडच्या एका हॉलचं होतं. लग्नासाठी हॉलवाले काय काय देतात त्याची यादी छापलेली. खुर्च्या, गालिचा, स्टेज, दारात गुलाबपाणी शिंपडणाऱ्या दोन मुली, जेवण, वाढपी, दोन हार, व्हिडीओ. आणि त्याखाली एक ओळ, ‘बौद्ध विवाहासाठी वंदना सीडीवर’.

“वाच,” ते म्हणाले.

“वाचलं.”

“माझ्या मुलीचं लग्न, अन् वंदना सीडी म्हणणार. मी काय करू? खुर्चीत बसून टाळ्या वाजवू?”

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. कमळाबाई तांदूळ निवडत होत्या आणि एकही शब्द बोलत नव्हत्या, म्हणजे आधीच बोलून झालं होतं. संघरत्ना ड्युटीवरून नुकतीच आलेली. काळूदादांनी तिला विचारलं, “तुला ठाऊक होतं?”

“होतं.”

“अन् सांगितलं नाय?”

“कसं सांगू?” ती म्हणाली. “बाबा, मला तुमचाच आवाज पाहिजे. लहान असल्यापासून मी तो दुसऱ्यांच्या लग्नात ऐकत आले. पण मला फोटो पण पाहिजेत, व्हिडीओ पण पाहिजे. अन् तुमी मधेच उठून गेलात तर मी तिथं उभी राहून काय करू, त्याची भीती पण वाटते. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत.”

मग कमळाबाई हातातलं सूप खाली ठेवून म्हणाल्या, “अवो, मुलीला काय विचारताय? विहीणबाईंना जाऊन विचारा. तोंड आहे ना तुमाला?”

“मुलीच्या बापानं जाऊन असं विचारायचं?”

“मग नका विचारू. सीडी ऐका.”

पुढच्या रविवारी आम्ही दोघं शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाडच्या एस.टी.त बसलो. मला बरोबर घेतलं ते, त्यांच्याच शब्दांत, ‘मी तापलो तर पाय दाबायला’. म्हणजे माझा पाय त्यांच्या पायावर. सगळ्या रस्त्यात ते काय बोलायचं ते जुळवत होते. सरळगाव येईपर्यंत त्यांनी धाऊबाबांपासून सुरुवात करून पूर्ण भाषण तयार केलं होतं, आणि खरं सांगायचं तर चांगलं झालं होतं.

रत्नप्रभाताईंचं घर दोन खोल्यांचं, दारात अबोली लावलेली. त्यांनी चहा ठेवला. समोर भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, आणि खाली एका चौकटीत एक फोटो. पासपोर्टचा लहान फोटो मोठा केलेला, त्यामुळे चेहरा धुरकट झालेला.

काळूदादांनी भाषण सुरू केलं. धाऊबाबा आले, जांभळीचे टहाळे आले. “ताई, घरचं कार्य आपल्या हातांनी व्हावं असं माझं म्हणणं. हॉलवाल्यांनी केलं तर आपण पाहुणेच की.”

रत्नप्रभाताईंनी पूर्ण ऐकून घेतलं. मग आपले दोन्ही हात पुढं केले.

“भाऊ, हात तर पाहिजेत ना. माझ्याकडं हे दोनच आहेत. प्रशांतच्या वडिलांचं भावकीशी पटलं नाय, ते गेल्यावर कुणी आलं नाय. पोराच्या लग्नात पाणी कोण भरणार, वाढणार कोण, उष्टी कोण काढणार? तुमच्याकडं वाडी आहे. माझ्याकडं नाय, म्हणून मी हॉल घेतला. हौस म्हणून नाय घेतला.”

माझा पाय तयार होता, पण गरज पडली नाही. काळूदादांचं भाषण तिथंच संपलं. त्यांनी चहाचा कप उचलला आणि रिकामा आहे हे न बघता तोंडाला लावला.

“हे मला सुचलंच नाय,” ते म्हणाले. “इतकी वर्षं बोलत आलो, पण हे सुचलं नाय.”

“अन् सीडीचं विचारायला आलात ना? तेही सांगते.” रत्नप्रभाताई आता जराशा हसल्या. “डोळखांबच्या त्या लग्नात मी होते. नवरीची आई माझ्या ओळखीची. तुमी झाडाखाली जाऊन बसलात ना, तेव्हा मी नवरीजवळ उभी होते. भाऊ, तुमचा आवाज फार चांगला आहे. पण सीडी उठून जात नाय.”

मी खाली बघत राहिलो. मला वाटलं आता होणार काहीतरी. काळूदादांनी कप खाली ठेवला.

“त्या मुलीचं कसं आहे?”

“चांगलं आहे. दोन मुलं आहेत. खडवलीला असते.”

“माझं चुकलं त्या दिवशी,” ते म्हणाले. “मी बोललो ते खोटं नव्हतं. पण मांडवात मुलगी उभी असताना उठायचं नाय, हे कळायला पाहिजे होतं. आठ वर्षं झाली, मी कुणापाशी हे बोललो नाय. ह्या अनंताजवळ पण नाय.”

रत्नप्रभाताईंनी मान हलवली, जसं अंगणवाडीत पोरानं सांडलेलं दूध कबूल केल्यावर हलवत असतील. “बरं झालं बोललात. वंदना तुमीच म्हणा,” म्हणाल्या, आणि उठून आणखी चहा टाकला.

दुसऱ्या चहाला सगळंच सोपं झालं. काळूदादा म्हणाले, “माणसं मी आणतो. सापगावची वाडी उठून येईल. मुलीकडचे नवऱ्याकडं राबले म्हणून लोक काय बोलायचे ते बोलतील. हॉल राहू द्या, ऊन फार आहे. जेवण अन् वाढप आमचं.”

“अन् व्हिडीओ?” ताईंनी विचारलं. “तो मी सोडणार नाय. हा बघा.” त्यांनी भिंतीवरच्या धुरकट फोटोकडं बोट केलं. “प्रशांतच्या बापाचं एवढंच आहे माझ्याकडं. चालतो कसा, हसतो कसा, आवाज कसा, काही उरलं नाय. आता मला विचाराल तर सगळं भरून ठेवायचंय.”

काळूदादांनी त्या फोटोकडं पाहिलं. “राहू द्या व्हिडीओ,” ते म्हणाले. “तो दिवा फक्त डोळ्यांत नको.”

“अन् डीजे. तो प्रशांतच्या दोस्तांनी ठरवलाय, मला पण विचारलं नाय.”

“जेवणानंतर,” काळूदादा म्हणाले.

परतीच्या एस.टी.त ते खिडकीशी बसले. मी त्यांना ओळखत होतो. ताणलेले खांदे सैल झाले होते. किन्हवलीला गाडी थांबली तेव्हा उतरून त्यांनी दोघांसाठी गरम भजी आणली, आणि कागदाला लागलेली चटणीसुद्धा बोटानं पुसून खाल्ली. घरी कमळाबाई दारातच उभ्या होत्या. चेहरा बघूनच त्यांना कळलं. “झालं ना? एवढ्यासाठी आठवडाभर माझं जेवण गोड लागू दिलं नाय,” म्हणाल्या, आणि पदरानं डोळे पुसत आत गेल्या.

लग्नाच्या दिवशी सकाळी सहाला सापगावहून टेम्पो निघाला. भांडी, तांदळाची पोती, तीस-पस्तीस माणसं. पुढं बाईजाकाकू, वाडीतली सगळ्यात मोठी पंगत सांभाळणारी बाई, हातात झारा धरून बसलेल्या. मुरबाडच्या हॉलमागच्या मोकळ्या जागेत चुली मांडल्या. रत्नप्रभाताई साडी खोचून कांदा चिरायला बसायला लागल्या, तशा बाईजाकाकूंनी त्यांना हाताला धरून उठवलं. “आज तुमी नवऱ्याची आई. नटा. आमी कशाला आलोत?” त्या उठल्या खऱ्या, पण पाचेक मिनिटं तिथंच उभ्या राहिल्या. कोण पाणी आणतंय, कोण भात उपसतंय, बघत राहिल्या. इतकी माणसं आपल्यासाठी राबताना बघायची त्यांना सवय नव्हती.

काळूदादा मात्र चुलीपाशी नव्हते. ते व्हिडीओवाल्या पोरगेल्या माणसाला घेऊन स्टेजवर बसले होते. चहा मागवला होता. “बघ, आधी त्रिशरण. मग पंचशील. मग प्रतिज्ञा. मग हार. शेवटी फुलं. मध्ये मी इथं दम घेतो, तेव्हा तुझं जे काय बदलायचं ते बदल. अन् काही राहिलं तर मला नुसती मान हलव. मी थांबतो.”

तो म्हणाला, “काका, मी शंभर लग्नं केली. पुढं काय होणार ते मला आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं.”

काळूदादा माझ्याकडं वळले. “ऐकलंस? मी पण कधी कुणाला सांगितलं नव्हतं.”

साडेबाराला लग्न लागलं. संघरत्ना आणि प्रशांत पांढऱ्या कपड्यांत उभे. काळूदादांनी पुस्तक उघडलं, पण त्याकडं बघितलं नाही. पहिल्या शब्दाला हॉल शांत झाला. मागं चुलीपाशीच्या बायासुद्धा हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. पंचशील देताना आपल्या मुलीच्या तोंडून ते शब्द मागोमाग येत होते. दोनदा त्यांना थांबावं लागलं, पण व्हिडीओसाठी नव्हे. संघरत्ना त्यांच्याकडं बघून हसत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती कुठंही नव्हती. हार घातले, फुलं पडली. सगळं मिळून त्रेचाळीस मिनिटं. कमळाबाईंनी घड्याळ बघितलं होतं.

जेवणात भात, वरण, वांगी-बटाट्याची भाजी, बुंदी. वरणात मीठ होतं. काळूदादांनी कंबरेला पंचा बांधला आणि तीन पंगती स्वतः वाढल्या. चौथ्या पंगतीला रत्नप्रभाताईंनी त्यांच्या हातातून बादली काढून घेतली. “आता बसा, भाऊ. माझ्या घरचं कार्य आहे, मला पण वाढू द्या.” ते माझ्या शेजारी बसले आणि चार वेळा भात घेतला.

तीन वाजता प्रशांतच्या दोस्तांचा डीजे सुरू झाला. असा आवाज की हॉलच्या खिडक्या थरथरायला लागल्या. वरात दारातून निघाली. महेंद्र नाचत होता, संघरत्ना नाचत होती, बाईजाकाकूंनीसुद्धा झारा ठेवून दोन हात वर केले. मला काळजी वाटली की आता दादा काही बोलतील. मी त्यांना शोधायला आत गेलो.

ते मागच्या व्हरांड्यात होते. उरलेल्या तांदळाच्या पोत्याला टेकून, पांढऱ्या सदऱ्यावर वरणाचा डाग घेऊन, तोंड किंचित उघडं ठेवून गाढ झोपले होते. कमळाबाई बाजूला बसून पदरानं त्यांच्यावरच्या माश्या वारत होत्या.

“उठवू का? बाहेर शोधतायत,” मी ओरडून विचारलं, कारण साधं बोललेलं ऐकू येत नव्हतं.

“नको रे,” कमळाबाई म्हणाल्या. “बऱ्याच दिवसांनी झोपलेत.”